मास्तरांची रविवारची हजेरी

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. सांगू देत, त्यांचं काय जातं? त्यांना कुठे त्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढायची होती! मला बघायला आले तेव्हा माझ्या बाबांनी विचारलं, "नोकरी पक्की ना?" तर म्हणाले, "अजून नाही. कधीही काढतील." शेजारणीनं एकदा वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी कौतुक ऐकायला म्हणून आली. हे म्हणाले, "मीठ जास्त झालं, आणि दाताखाली वाळू लागली." त्या बाईनं आजतागायत आमच्याकडे परत वाटी पाठवलेली नाही.

कृष्णनाथ मास्तर. गोव्याच्या पेडण्यात, इब्रामपूरच्या अलीकडे आमचा गाव, आणि गावात नुसतं मास्तर म्हटलं की हेच. मीही मास्तरच म्हणते, आता जिभेला सवय झाली. बाविसाव्या वर्षी वाड्यावरच्या मराठी प्राथमिक शाळेत लागले आणि साठाव्या वर्षी सुटले. सुटले म्हणजे कागदावर.

शाळा म्हणजे त्यांच्या लेखी सगळ्यात आधी हजेरी. मूल दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खांद्याला झोळणा अडकवून हे त्याच्या दारात उभे. "झील काजी येचूक गेलो, मास्तर," असं कुणी म्हटलं की हे तसेच काजूच्या बागेत. पोराला झाडाखाली बसवून पाढे म्हणून घ्यायचे, वर बोंडू खाऊन शर्टावर डाग पाडून यायचे. बोंडूचा डाग सात जन्मांत निघत नाही, आणि घासायला मी! आमची तनया एकदा तापानं फणफणली होती, मी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत एकटी बसलेली, आणि हे गृहस्थ दुसऱ्याच्या घरी विचारायला गेलेले की तुमचं मूल आज का आलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. तनया आता लग्न होऊन फोंड्याला नांदते, दोन मुलांची आई झाली, तरी आहे.

निवृत्तीला चार वर्षं असताना वाड्यावरच्या शाळेत दहा मुलं उरली. बंद करायची की ठेवायची ते बघायला वरून एक माणूस आला. वाईट नव्हता बिचारा. माझ्याच हातचा चहा पीत म्हणाला, "मास्तर, ती दोन मुलं फोंड्याला गेली ना, त्यांची नावं राहू देत वहीत. कोण बघायला येतंय? तेवढ्यावर शाळा तगेल." मास्तर म्हणाले, "जे मूल बाकावर नाही त्याला हजर कसं लिहू?" झालं. शाळेला कुलूप लागलं. मुलांना चार किलोमीटरवरच्या शाळेत घातलं, आणि बदलीचा हुकूम येईपर्यंत हे रोज सकाळी त्या दहा जणांना छत्र्या उघडून देत तिथपर्यंत चालत सोडायला जायचे. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांना शिव्या दिल्या, निम्मे पाया पडले. मी शिव्या देणाऱ्यांत होते.

बदली झाली ती डिचोलीकडे, खाणींच्या पट्ट्यात. खाणी तेव्हा नुकत्याच बंद पडलेल्या. सिंधुदुर्गातून आलेली कुटुंबं, बाप्ये टिप्परवर ड्रायव्हर. टिप्पर उभे, आणि ड्रायव्हर दारूच्या दुकानात. बाबाजी म्हणून असाच एक होता. त्याची रेश्मा चौथीत, हुशार, पण घरात धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नाही म्हणून महिना महिना गैरहजर. मास्तर त्या घरी अकरा वेळा गेले. अकरा! प्रत्येक वेळी बाबाजीनं दारू पिऊन पाय धरले, रडला, आणि दुसऱ्या दिवशी रेश्मा पुन्हा गैरहजर. मग एका सोमवारी पोरगी वेणी-रिबिनीसकट पहिल्या बाकावर. दुसऱ्या दिवशीही. चौकशी केली तर कळलं, बाबाजीनं दारू सोडली, डिचोलीत एका खोलीत प्रार्थना चालते तिथं जातो. मास्तर मला म्हणाले, "सुमंगल, जां माका अकरा खेपांनी जमला नाय, तां थंय कशां झाला, तां बघून येतंय." बघायला गेले ते परत आलेच नाहीत म्हणा ना. जेवायला-झोपायला घरी यायचे तेवढंच.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते पास्टर झाले. पाद्र नव्हे हो. पाद्र म्हणजे मोठ्या इगर्जेतला, चर्चमधला, पांढऱ्या झग्यातला. आमचा पास्टर म्हणजे तोच बोंडूच्या डागाचा शर्ट, तोच झोळणा, झोळण्यात पूर्वी खडू असायचे तिथं आता बायबल. दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत आसपासच्या चार गावांतली तीस-पस्तीस माणसं चटया टाकून बसायची.

आणि मी? मी आमच्या ग्रामदेवीची, सातेरीची. जन्मले तिच्या वाड्यात, मरेन तिच्या वाड्यात. ते प्रार्थनेला जाऊ लागले त्या पहिल्याच वर्षी आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, आठ दिवस आम्ही बोललो नाही, मग दोघंही दमलो आणि तो विषय संपला. त्यांनी मला कधी ये म्हटलं नाही, मी त्यांना कधी जाऊ नका म्हटलं नाही. दर मंगळवारी मी देवळात जायचे. दर रविवारी त्यांच्या माणसांना चहा आणि पोदेराकडचे उंडे, म्हणजे पाववाल्याचे गोल पाव, द्यायचे. चहाला कसला आलाय धर्म!

गावानंही वाळीत वगैरे टाकलं नाही. अर्ध्या गावाला ज्यानं हात धरून अक्षर शिकवलं त्याला कोण टाकणार? लग्नाची बोलावणी कमी झाली, आणि माझ्याशी बोलताना बायका आधी इकडेतिकडे बघू लागल्या. तेवढं चालतं, म्हणून मी सोडून दिलं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना! पास्टर झालेल्या या माणसानं काय करावं? डिचोलीच्या बाजारातून निळ्या पुठ्ठ्याची हजेरीची वही आणली आणि प्रार्थनेच्या आधी हजेरी घेऊ लागला. मोठमोठाली माणसं, नातवंडंवाली, मांडी घालून "हजर, मास्तर" म्हणायची. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वाडा, सगळं रकान्यांत. दोन रविवार चुकले की सोमवारी हे त्यांच्या दारात. मी हसून हसून मेले होते तेव्हा.

जानकीचं नाव त्या वहीत चढलं आणि माझं हसू पळालं.

जानकी म्हणजे सुलोचनाची सून. सुलोचना आमच्या वरच्या अंगाला राहते, देवळाच्या कामात पुढे, बाई मनानं वाईट नाही पण तोंडानं फाटकी. तिचा स्वप्नील टिप्परवर, आठवड्यातून एकदा घरी. जानकी दोडामार्गाकडची, सव्वीस वर्षांची, बारीक चणीची. तिला दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. तेव्हापासून घरात, विहिरीवर, हळदीकुंकवाला एकच प्रश्न. माझ्याकडे शिवण शिकायला म्हणून बुधवारी दुपारी यायची. बुधवारी पुढच्या खोलीत मास्तरांची दोन-चार बायकांबरोबर प्रार्थना असायची. एकदा मशीन सोडून ती दाराशी जाऊन उभी राहिली, पुढच्या बुधवारी आत बसली. मी तिला विचारलं, "काय गो, काय गावता तुका थंय?" ती म्हणाली, "काय नाय, वयनी. हंय माका कोण इचारीत नाय, कधी होतला म्हणान." मी तिच्यासाठी चहात साखर जास्त घातली.

सुलोचनानं विहिरीवर चारचौघींत सांगून ठेवलेलं होतं, "माझ्या घरची सून त्या खोलीत गेली असां कळला, तर सकाळच्या दोडामार्गाच्या बशीत बसवन धाडतलंय. परत येवची गरज नाय." आणि सुलोचना नुसतं बोलणारी बाई नव्हे, बोलेल ते करणारी. जानकीच्या माहेरी भाऊ-भावजय. त्या घरात परत गेलेल्या पोरीचं काय होतं ते सांगायला नको.

मी मास्तरांना म्हटलं, "तिचां नाव तरी लिहू नकात."

"बसता ती थंय. हजर आसा."

"अहो, कोणाच्या हातात वही पडली तर?"

"माझी वही कोण कित्याक बघतलो?" म्हणाले, आणि तिथंच माझ्यासमोर लिहिलं. जानकी स्वप्नील, वरचो वाडो. पुढे त्या दिवसाची खूण.

बरं, वही कुणाला कळली कशी? यांच्याच तोंडून! आषाढात पोदेराच्या सायकलपाशी दहा माणसं उंडे घ्यायला उभी, आणि त्यात कोणी तरी सहज विचारलं, "काय मास्तर, कशी चल्लीहा प्रार्थना?" या भल्या माणसानं अभिमानानं उत्तर दिलं, "हजेरी ब्याण्णव टक्के आसा." शाळा तपासायला आलेल्या साहेबाला द्यावं तसं. कपाळ माझं! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरांकडे वही आहे, आणि वहीत नावं आहेत, आणि त्यात आपल्या गावातलीही आहेत.

पुढच्या सोमवारी मास्तर फोंड्याला गेले. त्यांच्यातला एक म्हातारा तिकडे दवाखान्यात होता, त्याच्या उशाशी बसायला. दोन रात्री तनयाकडे राहणार होते. मंगळवारी दुपारी भिकाजी आला, बरोबर देवस्थान कमिटीचे दोघे.

भिकाजी कमिटीचा मुख्य, बावन्न-त्रेपन्नाचा. मास्तरांच्या अगदी पहिल्या वर्गातला. छत्री बाहेर ठेवली, खुर्चीवर बसायला सांगितलं तर बसला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला. म्हणाला, "वयनी, मास्तर नाय तां बघूनच इलंय. तेंच्या तोंडाफुडे माका बोलूक जमाचा नाय. तेणी माका 'अ' काढूक शिकयलो."

"मगे माका कित्याक इचारतंस? मी काय शिकयलंय नाय म्हणान?"

तो हसला नाही. "गावात भांडणां लागली, वयनी. परत्येक घरात एकमेकाचेर संशय. वही आसा काय नाय, एवढांच सांगा. आसा तर आमका बघूक होयी."

वही आतल्या खोलीत, तांदळाच्या पिंपाच्या मागे होती. ती मी सकाळीच तिथं सरकवली होती.

"वही-बिही काय एक नाय," मी म्हटलं. "मास्तरांचा तोंड तां, मस्करी केली आसतली."

मास्तर आणि मस्करी! तिघेही माझ्याकडे बघत राहिले. मग भिकाजी खाली मान घालून म्हणाला, "तर फाल्यां सकाळी पायरीर येवन सांगा. तुमी सांगलास की विषय सोपलो. तुमी नाय इल्यात, तर मगे वाड्यावाड्यातसून एकेक बाई पायरीर बोलावची लागतली. सुलोचना ऐकाची नाय. ती म्हणता, माझ्या सुनेपासून सुरू करा."

पायरीवर म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्या सातेरीच्या देवळात गावकीचं भांडण मिटेना झालं की माणसानं विहिरीवर न्हायचं, ओलेत्यानं यायचं, खालच्या पायरीला हात लावायचा आणि बोलायचं. बास. पुढे कागद नाही, पंच नाही. त्या पायरीला हात लावून कोणी खोटं बोलत नाही. माझ्या सासऱ्यांनी अर्ध्या एकराचा तुकडा त्या पायरीवर सोडून दिला, पण खोटं बोलले नाहीत.

मास्तरांना फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. करून काय? ते म्हणाले असते, खरं सांग. जानकीला पायरीवर उभी केली तर ती पोर काय बोलेल? खरं बोलली तर दोडामार्गाची बस. खोटं बोलली तर आधीच दोन वेळा कूस रिकामी झालेली, पुढचं काहीही झालं की तेच मनाला लावून घेईल, पायरीवर खोटं बोलले म्हणून. माझं काय, साठी उलटली, पोर मार्गाला लागली. मला गमवायला एकच गोष्ट होती आणि ती नेमकी त्या पायरीवर होती.

बुधवारी सकाळी न्हाले. आषाढातलं विहिरीचं पाणी, हाडांत गेलं. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, गुडघा ठणकत होता, वाकताना भिकाजीनं हात पुढे केला तो मी घेतला नाही. पायरीवर शेवाळ होतं. गावातल्या वीस-पंचवीस बायका छत्र्या धरून उभ्या, सुलोचना पुढे, तिच्या मागे जानकी. जानकीनं छत्री तोंडावर इतकी खाली ओढली होती की तिचं पाणी सुलोचनाच्या खांद्यावर पडत होतं.

भिकाजी म्हणाला, "सांगा, वयनी."

मी हात लावला. "आमच्या घरात नावांची वही नाय," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं.

वाटलं होतं, जीभ झडेल. निदान घेरी तरी येईल. काही झालं नाही. पाऊस पडत होता तसा पडत राहिला, भटानं नारळ वाढवला, भिकाजीनं माझ्या हातावर प्रसादाचं भकल ठेवलं. सुलोचनानं पुढे येऊन स्वतःची शाल माझ्या खांद्यावर घातली. आत गाभाऱ्यात देवी दिसत होती आणि मी मान वर केली नाही. घरी आले, प्रसाद तुळशीत ठेवला. खाण्याचं धैर्य झालं नाही. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला काडी ओढली आणि ती तशीच विझू दिली.

मास्तर साडेपाचच्या बसनं आले. छत्री गळत होती, चेहरा ओढलेला. दवाखान्यातला म्हातारा पहाटे गेला होता. मी पाणी दिलं, चहा दिला, आणि मग सगळं सांगितलं. माझी हीच खोड आहे, मला पोटात ठेवता येत नाही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माका इचारूचा तरी होता."

"इचारला आसता तर काय सांगतलास?"

त्यांनी गळणारी छत्री कोपऱ्यात सरकवली.

"सांगा ना! आता कित्याक गप?"

"फाल्यां भिकाजीकडे जातंय," ते म्हणाले. "सांगतंय, वही माझी, नावां देवचंय नाय, काय करूचा तां माका करा. तुझ्या माथ्यार खोटां नको."

तेव्हा माझा जो भडका उडाला तो आजवर कधी उडाला नव्हता. म्हटलं, "जावा! आत्ताच जावा! आणि जाता जाता जानकीचां बोचकां बांधून बशीत ठेवन या! शाळेच्या वक्ताक दोन नावां लिवली आसती तर शाळा जगली आसती. तुमी तुमचां खरां सांभाळलास आणि धा पोरां पावसात चार किलोमीटर चल्ली. तुमचां खरां कायम दुसऱ्याच्या पायान चलता! आज माझी देवी गेली, मास्तर. माझी! तुमची नाय. ती तरी फुकट घालवू नकात."

बोलून मी आत गेले आणि पिंपाला टेकून रडले. ते ओट्यावर बसून राहिले, पायात चप्पल तशीच. जेवले नाहीत. मीही वाढलं नाही.

सकाळी भिकाजी स्वतःच आला. कुंपणाबाहेर उभा. मी विहिरीकडून कळशी घेऊन येत होते, तिथंच थांबले. तो म्हणाला, "मास्तर, वयनीक पायरीर उभी केली, राग धरू नकात. गावाखातर करूचा लागला."

मास्तर ओट्यावरून उठून कुंपणापाशी गेले.

"विषय सोपलो म्हणा. पण... तुमच्या तोंडातसून एकदा ऐकलंय तर माझो जीव थंड होतलो. वही नाय ना, मास्तर?"

माझ्या कमरेवरची कळशी घसरायला लागली. मी मास्तरांकडे बघत होते. बावन्न वर्षांचा भिकाजी त्यांच्यापुढे पहिलीतल्यासारखा हात जोडून उभा होता. या एका माणसाच्या शब्दावर त्याचा सातेरीच्या पायरीइतकाच विश्वास.

"नाय," मास्तर म्हणाले. "वही नाय."

भिकाजी कुंपणाच्या आत आला आणि वाकून पाया पडला. मास्तरांनी पाय मागे घेतले, चटका बसल्यासारखे. भिकाजी गेल्यावर ते घरात आले, पिंपामागून वही काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "तूच कर काय ता. माझ्यान फाडूची नाय." मी न्हाणीतली चूल त्या वहीवर पेटवली. तीस-पस्तीस माणसांची नावं, सगळे रविवार, सगळे बुधवार. हंडाभर पाणी तापलं. मास्तर त्या दिवशी गार पाण्यानं न्हाले.

रविवारी माणसं आली. मास्तर उभे राहिले नाहीत. एका जाणत्याला म्हणाले, आज तू वाच, आणि स्वतः दाराशी, चपला काढतात तिथं बसले. कोणीतरी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाले, "बरां आसा. माझ्या तोंडान बोलूक नको." पुढच्या रविवारी तेच. मंगळवारी मी देवळाची वेळ झाली की उगाच भांडी घासायला काढायची. असे दोन आठवडे गेले. आम्ही भांडलो नाही, रुसलो नाही. चहा घ्यायचो, पावसाकडे बघायचो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस चोवीस तास घरात होता आणि मला त्याची दया येत होती. माझीही येत होती.

एकदा मी विचारलं, "तुमचो देव तर माफ करता म्हणतास."

"तेणां केला आसतला कधीच," ते म्हणाले. "माका जमना नाय अजून. आणि तुझी?"

"तिका इचारूक पायरी चढूची लागता," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं पुन्हा पावसाकडे बघत बसलो.

नागपंचमीच्या दुपारी मागच्या दारी कोणीतरी हाक मारली. जानकी. उघडपणे, दिवसाढवळ्या, हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट. पायरीच्या दिवसानंतर ती आमच्या वाटेलाही आली नव्हती. म्हणाली, "सासूनं धाडली हा, वयनी. पातोळ्यो. म्हणाली, देवीफुडे खरां बोलता त्या बायलेक पयली पातोळी दी, मगे बाकीच्यांक. आणि म्हणाली, शिवणाक जा पयल्यासारखी. त्या बायलेच्या घराक जावक माझी ना नाय."

ताट मी घेतलं. हळदीच्या पानांचा वास घरभर झाला. जानकी माझ्याकडे बघू शकत नव्हती, मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मग ती पुढच्या खोलीच्या दाराशी गेली. मास्तर तिथं जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, बसले होते. हळूच म्हणाली, "मास्तर, आज बुधवार. प्रार्थना करतलास? माका... माका परत दिवस गेलेत. अजून कोणाक सांगूक नाय. भय दिसता."

मास्तरांनी मान हलवली. "दुसरा कोण तरी करतला, बाय. रविवारी ये. मी आता..."

"उठा!" मी ओरडले. ताट हातातच. "ही पोर इली हा, आणि तुमी तिका परत धाडतास? मी देवीचां तोंड बघूचा सोडलंय, तां तुमी तोंड शिवन बसूक नाय! उठा म्हणतंय!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग जनेलाचा आधार घेऊन उठले, सावकाश, म्हाताऱ्यासारखे. म्हातारेच झाले होते. जानकीला चटईवर बसवलं, समोर स्वतः बसले. मग बोलू लागले, अडखळत, शब्द शोधत. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी त्यांना असं अडखळताना ऐकलं नव्हतं.

मी आत येऊन चुलीपाशी पाटावर बसले. ताटात पाच पातोळ्या होत्या, पानांतून अजून वाफ येत होती. सुलोचना पातोळी चांगली करते, गुळात वेलची सढळ हातानं घालते. एक उचलली, पान सोडवलं. देवीपुढे खरं बोलणाऱ्या बाईची पातोळी. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना, आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. टाकून द्यावी असं दोनदा मनात आलं. पण ती टाकायचा मला काय अधिकार? पाणी पिऊन गिळली, शेवटच्या घासापर्यंत, आणि दुसरी मास्तरांसाठी झाकून ठेवली.